रस्त्याची पकड

त्या दुपारी आम्ही गेलो होतो ते फक्त टायर बघायला. धाकट्या भावाची दुसऱ्या दिवशी शर्यत होती. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, जी आधी पलीकडे पोचेल ती जिंकली. वळण नाही, चढ नाही. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं. गाडी मी बांधते, चालवतो तो, आणि आमचं भांडण कायम एकाच गोष्टीवरून.

त्याला ताकद हवी. आणखी हॉर्सपॉवर, आणखी. मी म्हणायची, अरे बाबा, इंजिनात वाटेल तेवढे घोडे बांध, शेवटी जमिनीला टेकतो तो रबराचा वीतभर तुकडा. त्यानं रस्ता धरला नाही तर तुझे घोडे जागच्या जागी नाचतात आणि गाडी आडवी होते. मागच्या महिन्यात ती तशी आडवी झालीच होती, कठड्याला घासून थांबली. घरी याचं तान्हं बाळ, आणि हा माझ्यासमोर दात काढत उभा. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, शर्यत गेली खड्ड्यात, हा धडधाकट घरी आला पाहिजे.

सरावाला आम्ही विमानांची एक जुनी, पडीक धावपट्टी वापरायचो. दोन्ही बाजूंना वाळकं गवत. आभाळ भरून आलेलं आणि वारा अजिबात नाही. पहिल्या फेऱ्यांना नेहमीचाच तमाशा झाला. मागची चाकं जागेवर गरगरली, धुराचा लोट उठला, जळक्या रबराचा वास नाकात बसला आणि गाडी शेपूट हलवत गेली. मी मागच्या टायरांतली हवा कमी केली, स्प्रिंगा मऊ केल्या. फरक शून्य.

"ताकद कमी करू या," मी वैतागून म्हटलं.

"त्यापेक्षा मला सायकल दे ना, ताई."

आणि रागारागानं त्यानं गाडी धावपट्टीच्या डाव्या अंगाला घेतली. तिकडून आम्ही कधी गेलो नव्हतो. कारण काही नाही, सवय नव्हती एवढंच.

तो सुटला आणि धूर आला नाही. टायर किंचाळले नाहीत. गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि दोरी बांधून कोणी ओढून न्यावी तशी ती सरळ गेली. इतकी वर्षं ज्या पकडीसाठी मी डोकं फोडून घेतलं, ती ही. मला खरं तर रडू येत होतं.

परत आल्यावर त्यानं काच खाली केली. "काय केलंस?"

"काही नाही."

"सांग ना..."

"खरंच काही नाही रे."

सवयीनं मी खाली बसले आणि मागच्या टायरला हात लावला. अशा धावेनंतर टायर इतका तापतो की हात ठेववत नाही. हा गार होता. विहिरीच्या आतल्या दगडासारखा गार. आणि त्याला मातीचा वास येत होता, खोलवरच्या, ओल्या मातीचा. मागे वळून पाहिलं तर कोरड्या रस्त्यावर रबराचा एकही काळा पट्टा उमटलेला नव्हता.

शहाण्या माणसानं तेव्हाच गाशा गुंडाळला असता. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला पकड मिळाली की एकच सुचतं. जन्मभर त्याला नाही म्हणत आलेली मी, मीच म्हटलं, "टर्बोचा दाब वाढव, आणखी ताकद घे." मला ताप आलाय की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

गाडी पुन्हा सुटली, पुन्हा तशीच, आवाज न करता. आणि मध्येच थांबली. घसरली नाही, डगमगली नाही, थांबली. मी धावत गेले. तो स्टिअरिंग धरून बसला होता, इंजिन बंद.

"ब्रेक का मारलास?"

"नाही मारला..."

"मग?"

"मला वाटलं तू हाक मारलीस..." तो हळू आवाजात म्हणाला. "खालून."

मी त्याला बाहेर काढलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि दोघांनी मिळून ढकलली. जागची हलेना. ब्रेक पाहिले, मोकळे होते. शेवटी जॅक लावला. चिखलात रुतलेला पाय उपसताना होतो तसा आवाज करत चाक वर आलं. खाली कडक, कोरडं डांबर. त्याला साधी भेगसुद्धा नव्हती. दुसऱ्या चाकाचंही तसंच. मी चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि गाडी कशीबशी ट्रेलरवर ओढून घेतली. हे होईपर्यंत भाऊ तिथंच उभा होता, एकाच जागी.

"चल," मी म्हटलं.

"येतो..." तो म्हणाला, पण आला नाही. स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मी दंड धरून ओढलं, तेव्हा आला. घाबरलाय, असं मला वाटलं. मी तरी कुठं कमी घाबरले होते.

शर्यत आम्ही सोडून दिली. मला हवा होता तसा तो धडधाकट घरी आला. नीट जेवतो, झोपतो, बोलतो. फक्त खुर्चीतून उठायला त्याला वेळ लागतो. आधी नुसता हात दिला तरी पुरायचं, मग त्याची बायको आणि मी मिळून उठवायला लागलो, हल्ली शेजाऱ्यालाही हाक मारावी लागते. डॉक्टरांनी सगळं तपासलं. सांधे ठीक, ताकद ठीक. वजनकाट्यावर तो पूर्वीइतकाच भरतो. मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मी गाडी पुन्हा पुन्हा तपासते, जणू दोष तिच्यात सापडेल.

काल बाळ त्याच्या मांडीवर खेळत होतं. दूध पाजायची वेळ झाली म्हणून त्याची बायको घ्यायला गेली. एका हातानं बाळ उचलून दुसऱ्या हातानं भाजी ढवळणारी बाई ती. तिनं एक हात घातला, मग दुसराही घातला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, जरा धरता का..."

बाळ हसत होतं.