टाचणीचं अडकलेलं शटर

पूर असा आला होता, की मासे दुकानात शिरून कापडाचा भाव विचारून गेले. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा! पाणी ओसरलं, एकेक दुकान उघडलं... बंद राहिलं ते टाचणीचं शिवणकामाचं दुकान. टाचणी हे नाव तिला बाजारानं दिलेलं, जिभेवरून.

त्या सकाळी ती किल्ली मुठीत धरून शटरपाशी उभी होती. शटर दुरुस्त करणारा सायकलवरून चालला होता, तो थांबला.

“अडकलंय का?”

“अं... हो.” आत पाण्यानं काय करून ठेवलंय ते बघायची छाती होत नाही, हे परक्या माणसाला कसं सांगणार?

त्यानं शटर नुसतं चाचपलं. ठणठणीत होतं. मग तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे, किल्ली अजून मुठीतच.

“फारच गंजलंय हो. वेळ लागेल.”

झालं, स्वारी रोज हजर! तेल घालायचं, ठोकल्यासारखं करायचं आणि पायरीवर बसून चहा प्यायचा. इतकं तेल ओतलं, की गल्लीतल्या मांजरी घसरून पडू लागल्या.

“तुमच्या दुरुस्तीत शटर म्हातारं होईल,” टाचणी टोचायची.

“होऊ द्या. मी आहे की बघायला.”

ती हसायची. हसता हसता सांगूनही टाकायची — नळ सोडला तरी दचकते, आत आईचं मशीन आहे, ते बघवणार नाही... तो ऐकता ऐकता आणखी तेल घालायचा.

शेवटी टाचणीची आत्याच करवादली, “अगं, तो शटर दुरुस्त करतोय की तुला?”

दुसऱ्या दिवशी टाचणीनं विचारलं, “खरं सांगा. काय बिघडलंय याचं?”

“काही नाही. पहिल्यापासूनच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही घरी गेला असतात... आणि मला माझ्या दुकानात जावं लागलं असतं.” त्यानं मान खाली घातली. “पुरानंतर तिकडं फिरकलोच नाही. लोकांची शटरं उघडत हिंडतो, स्वतःच्या दाराकडे पाय वळत नाहीत.”

टाचणीनं कुलपात किल्ली घातली.

“त्या बाजूनं धरा.”

शटर वर गेलं. आत चिखल, कुजकं कापड, गंजलेलं मशीन. ती हमसून रडली. त्यानं रुमाल दिला, तो तेलकट निघाला, म्हणून रडता रडता त्याला बोलणीही बसली. मग दोघांनी मिळून चिखल उपसला. दुपारी मशीनचं चाक फिरलं. कुरकुरत का होईना, फिरलं!

“चला, आता तुमच्याकडे.”

“आज नको... उद्या—”

तिनं त्याचा हात धरला.

“आणि तिथं काहीच उरलं नसेल तर?”

“दोघं मिळून उभं करू.”

“काय, दुकान?”

“आधी दुकान,” टाचणी म्हणाली.