दोन दगडांचा दरवाजा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल म्हणावं, बाईचं डोकं फिरलंय. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, चष्मा लावून. आणि तो चष्माही यांनीच बनवलेला.

आमचं चष्म्यांचं दुकान, वर दोन खोल्या. गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. दुकानाचं शटर नुकतंच ओढलं होतं.

आधी यांच्याबद्दल सांगते.

पन्नाशीत माणसाला गुडघेदुखी लागते, यांना व्हिडिओ गेम लागला. राक्षस, जादू, न संपणारं जंगल, हवं तिथे भटका. मलाही शेजारी बसवलं. पडद्यावर यांचा तलवारवाला आणि माझी हिरव्या झग्यातली जडीबुटीवाली.

हे नुसते धावत सुटायचे. दिसेल त्याला कापायचे. मी फुलं वेचायची, नदीवरच्या नावाडी आजोबांची विचारपूस करायची.

“अगं, राक्षस उभाय समोर! फुलं कसली वेचतेस?”

“राहू दे उभा. त्याला कुठे गाडी पकडायचीय?”

कपाळाला हात लावायचे. पण थांबायचे.

दर वेळी थांबायचे.

खेळाच्या शेवटी एक दरवाजा होता. दोन दगडांवर दोघं एकदम उभे राहिले तरच उघडणारा. आम्ही तिथवर पोचलो आणि यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

“माझ्याशिवाय उघडायचा नाही हं,” हे म्हणाले.

“तुम्हीही नाही.”

“तुझ्याशिवाय कुणाबरोबर जाणार मी?”

हे घरी परत आलेच नाहीत.

मी गेमला हात लावला नाही. दरवाजा बंद होता, तोवर आमचं दोघांचं काहीतरी बाकी होतं. तेवढ्यावरच माझं चाललं होतं.

तर त्या संध्याकाळी जिना चढताना आवाज आला...

टक. टक. टक.

गेमच्या कंट्रोलरवरच्या बटणांचा.

खोलीत कुणी नव्हतं. टीव्ही चालू होता.

आणि पडद्यावर... दरवाजा सताड उघडा.

आत यांचा तलवारवाला. शेजारी माझी जडीबुटीवाली. झगा रक्तानं माखलेला.

मी कंट्रोलर उचलून तिला मागे फिरवलं. वाटेवरची फुलं तुडवलेली. होडी रिकामी. नावाडी आजोबा काठावर पालथे...

पाठीत मुळ्या खणायची माझीच सुरी.

परगावी असलेल्या लेकीला फोन लावला.

“आई, किल्ली तुझ्याकडेच ना? मग कोण येणार? झोपेत खेळली असशील.”

झोपेतसुद्धा मी आजोबांना मारणार नाही हो!

दोन्ही कंट्रोलर बर्फासारखे गार होते. यांच्या खुर्चीतली उशी दबलेली.

माझ्या खुर्चीतलीही.

त्या दिवसापासून मी ती खोली बंद ठेवते. तरी दिवे लागले की आतून टकटक सुरू होते. दोन कंट्रोलरची. दोन्हींचा वेग सारखाच. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही.

परवा धीर करून दाराला कान लावला.

“अहो... कोण आहे हो तुमच्याबरोबर?”

टकटक थांबली.

मग यांचं हसू. ओळखीचं, नाकातून येणारं. आणि अगदी दाराजवळून, हळूच...

“चल. थांबू नकोस.”

मला नव्हते म्हणाले.