वाऱ्याविरुद्ध फुगलेलं शीड

तिफेन माडीवर गेली ती दूध द्यायला, रोजच्यासारखी. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या टोकाच्या त्या बेटावर उन्हाळ्यात चित्रकार यायचे. त्यातले देलोर्मसाहेब तिच्याच माडीवर भाड्याने राहत. खडकावर बसून नुसता समुद्र रंगवायचे. लांबून लाट, जवळून बघावं तर रंगाचे फराटे. धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याला कुणीतरी चष्मा घेऊन द्या गं.

तिफेनला मात्र हसू सुचत नव्हतं. नवरा गोल्वेन मासेमारीला गेला त्याला एकवीस दिवस झाले होते. खाली सासूबाईंनी टेबलावर पांढरं कापड अंथरून ठेवलं होतं. बेटाची रीतच तशी. समुद्राने देह परत दिला नाही, तर कापडावर मेणाचा लहानसा क्रूस ठेवायचा, त्यालाच आपलं माणूस समजून रडायचं आणि पुरायचं. क्रूस ठेवला की बाई विधवा झाली. नाही ठेवला, तर बुडालेला जीव पाण्यावर भटकत राहतो. सासूबाई सकाळपासून विचारत होत्या, आणू का? तिफेनच्या तोंडून हो निघत नव्हतं. उद्या तो दारात उभा राहिला तर काय तोंड दाखवायचं त्याला?

दूध ठेवताना तिची नजर भिंतीशी टेकवलेल्या चित्रावर पडली. रंग अजून ओला होता. करड्या-निळ्या फराट्यांत एक तपकिरी शीड, आणि त्याच्या कोपऱ्यात फिकट चौकोन. गोल्वेनच्या शिडाचं ठिगळ. तिनेच उशीचा अभ्रा फाडून लावलेलं.

“साहेब... हे कधी काढलंत?”

“आज सकाळी.”

“होडी दिसली तुम्हाला?”

देलोर्म जवळ येऊन बघतच राहिले. “होडी म्हणून मी काही काढत नाही, तिफेनबाई. डोळ्यांवर जो रंग पडतो तो उचलतो. पडला असेल...”

तिला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. खाली धावत जावं आणि ते कापड घडी करून ठेवावं, असं वाटलं. पण कोळ्याची बायको ती. होडी येतेय की जातेय, हे बघायला ती वाकली आणि तशीच थांबली. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. चित्रातल्या लाटांचे पांढरे शेंडेही तसेच उडत होते. शीड मात्र किनाऱ्याकडे गच्च फुगलं होतं. होडी घरीच येत होती, पण समोरच्या वाऱ्यावर जिवंत माणसाची कुठली होडी अशी येते?

“माझंच चुकलं असेल,” म्हणत देलोर्मनी खरवडायला सुरी उचलली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “बिचारा किती दिवस घरी यायला बघतोय.”

ती जिना उतरली. “आई, आणा क्रूस.”

दुसऱ्या दिवशी गोल्वेनला पुरलं. पुढच्या चित्रांत शीड आलं नाही. तिफेन हळूहळू जेवू लागली, झोपू लागली.

शरदात देलोर्मचं पत्र आलं. ते तिने धक्क्यावर उभ्यानेच वाचलं. समुद्र सोडला, असं त्यांनी लिहिलं होतं. आता ते आपल्या गावी गव्हाची शेतं रंगवतात. ‘पण परवाच्या चित्रात, गव्हात, एक शीड आलंय. कोपरा हिरवा आहे. तुमच्याकडे कुणाचा क्रूस ठेवायचा राहिलाय का?’

तिने मान वर केली. बेटावर हिरव्या कोपऱ्याचं शीड कुणाचंच नव्हतं. समोर तिचा धाकटा भाऊ होडीत बसून शीळ घालत होता. मांडीवर नवं शीड, हातात ब्रश. एक कोपरा त्याने नुकताच हिरवा रंगवून संपवला होता.