मामांची ड्युटी

मामांना जाऊन दोन दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मामी दूधखोलीत कामावर हजर. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. घरात बसून भिंती बघत राहण्यापेक्षा हातातलं काम बरं, असं मामींचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते काम थांबणारं नव्हतंच. अभयारण्याच्या कडेला अनाथ हत्तींची जी शाळा आहे (बाहेर पाटीवर लांबलचक नाव आहे, पण आतले सगळे तिला शाळाच म्हणतात), तिथल्या पिल्लांना दर तीन तासांनी बाटली लागते. पाऊस असो, पहाट असो, कुणी मरो.

त्या बाटल्या मामी वीस वर्षं भरत होत्या. पावडर, कोमट पाणी, वर चमचाभर खोबरेल. ढवळायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. पिल्लांजवळ मात्र त्या फारशा जात नसत. पाजायचं काम राखणदारांचं, आणि पाच राखणदारांत मामा सगळ्यात जुने. ते मामा, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची मामी. खरी नावं काय होती, हे पगाराच्या कारकुनालाच ठाऊक.

चिमणी ही मामांची शेवटची. नाव चिमणी, वजन एकशेदहा किलो. मेलेल्या आईशेजारी तीन दिवस उभी होती, तिथून तिला ट्रकमध्ये घालून आणलं. "नाव जरा शोभेल असं ठेवा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर मामा म्हणाले, "मोठी झाली की उडेल हो!"

आता शाळेत एक नियम आहे, आणि तो काही उगाच केलेला नाही. रात्री पिल्लाशेजारी राखणदार झोपतो, पण रोज वेगळा. पाच माणसं, पाच रात्री, ड्युटी फिरती. एकाच माणसाचा लळा लागला आणि तो चार दिवस सुट्टीवर गेला, तर पिल्लू खाणंपिणं सोडतं. असं एक पिल्लू पूर्वी हातचं गेलं होतं. नव्या माणसाला हा नियम पढवायचं काम मामांचंच. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चिमणी आल्यापासून चाळीस रात्री मामांनी प्रत्येकाची ड्युटी मागून घेतली. "तू जा घरी, तुला पोरंबाळं आहेत." रात्रीची झोप फुकट मिळत असताना नाही कोण म्हणणार? ड्युटीच्या फळ्यावर पाच नावं इमानदारीत फिरत राहिली आणि पेंढ्यात झोपत राहिले एकटे मामा.

मामींना हे माहीत होतं. दोघांना मूल नव्हतं. चाळीस रात्री अर्धा बिछाना रिकामा राहिला, पण सकाळी नवरा केसांत पेंढा घेऊन हसत घरी यायचा. हे हसू मामींनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून त्या गप्प बसल्या. मग एका दुपारी फाटकाजवळ मामा बुटाचे बंद बांधायला खाली वाकले, ते परत उठलेच नाहीत.

चिमणीने त्या संध्याकाळपासून तोंड मिटलं.

"मामी, मी मामांचा कोटसुद्धा घालून बघितला," लंबू सांगत होता. हा दुसरा राखणदार, ताडमाड उंच, मामांचा जुना सोबती.

"मग?"

"कोट हुंगला. मग वर माझ्या थोबाडाकडे बघितलं आणि पाठ फिरवली. एवढा अपमान माझ्या बायकोनेही केला नाही कधी."

मामींना हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. "आण ती बाटली. पाचचं दूध आज मी पाजते."

"डॉक्टरीणबाई म्हणतात, सलाईनवर फार तर अजून दोन दिवस निघतील..."

"आण म्हटलं ना."

पाजायची पद्धत अशी. गोठ्यात दोरीवर एक जाड, करडं कांबळं टांगतात. राखणदार कांबळ्याच्या मागे उभा राहतो आणि खालच्या कडेतून बाटली पुढे करतो. पिल्लू सोंड वर करून कांबळ्यावर टेकवतं, म्हणजे त्याला वाटतं, आईचं पोट आहे. माणूस दिसायला नको, म्हणून हा सगळा खटाटोप.

मामी कांबळ्याआड उभ्या राहिल्या. बाहेर ऊन उतरलं होतं आणि भिंतीतल्या फळ्यांच्या फटींतून येणारा उजेड तांबूस झाला होता. पेंढ्याचा, ओल्या मातीचा वास. पलीकडे चिमणी कोपऱ्यात उभी होती, तिचा जड श्वास तेवढा ऐकू येत होता.

"ये गं," मामी म्हणाल्या. ती हलली नाही. बाटली धरून हात भरून आला आणि मग मामींना राग आला, मेलेल्या माणसाचा यावा तसा; असला राग ठेवायला कुठे जागाच नसते. "लळा लावलात आणि निघून गेलात," त्या पुटपुटल्या. "निस्तरायला मी. नेहमीचंच आहे तुमचं!"

तेव्हा पेंढा खसखसला. चिमणी पुढे आली. सोंडेचा उंचवटा कांबळ्यावर उमटला, पण मामींच्या समोर नाही. चार हात डावीकडे, कांबळ्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि घटाघटा पिण्याचा आवाज सुरू झाला.

मामींनी मान वळवली. त्या टोकाला कुणी नव्हतं. पण कांबळ्याची कड मात्र उचललेली होती, एखाद्याने मनगटावर तोलून धरावी तशी. खालून चिमणीचं तोंड दिसत होतं, चुटूचुटू हलणारं, डोळे मिटलेले. आणि अगदी हळू, श्वासाहून थोडासाच मोठा आवाज आला...

"हळू गं... हळू... सगळं तुझंच आहे."

मामींनी आवाज ओळखला. पण किंचाळणं, पळणं यातलं काही झालं नाही. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि त्या रडल्या, आवाज न करता, पिणाऱ्या पोरीचा घोट मोडू नये म्हणून. आपलं माणूस ते. त्याला काय घाबरायचं?

आवाज थांबला तेव्हा चिमणी पेंढ्यात निवांत आडवी झाली होती. मामींच्या हातातली बाटली काठोकाठ भरलेली होती. ती त्यांनी गोठ्यामागच्या गटारात ओतली.

"प्यायली?" लंबूने विचारलं.

"प्यायली," मामी म्हणाल्या.

लंबूने आनंदाने उडीच मारली आणि चौकटीवर डोकं आपटून घेतलं.

त्या रात्रीची सगळी दुधं मामींनीच पाजली. पाजली म्हणजे काय, कांबळ्याआड उभ्या राहिल्या. आठला, अकराला, दोनला, पाचला. दर वेळी डावीकडे तो आवाज, दर वेळी गटारात एक बाटली. मधल्या वेळात त्या हळू आवाजात बोलत बसायच्या. घराच्या छपराचं, लंबूच्या टेंगळाचं, दुखऱ्या गुडघ्याचं. उत्तर येत नसे. तसं ते जिवंतपणी तरी कुठे येत होतं? मामींना कित्येक दिवसांत एवढं सुख लाभलं नव्हतं.

सकाळी अकरा ते बारा शाळा पाहुण्यांसाठी उघडी असते. सफारीच्या गाड्या येऊन थांबतात, लोक दोरापलीकडे उभे राहतात आणि पिल्लांचं दूध पिणं बघतात. त्या दिवशी कांबळं झाडाखाली टांगलं होतं. लख्ख ऊन, शंभरेक माणसं. चिमणी आली, आपल्या डाव्या टोकाला गेली आणि पिऊ लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामींनी कांबळ्याआड डोळे मिटून घेतले.

"आई," दोराजवळून एका लहान मुलीचा स्वच्छ आवाज आला, "ती काही पीतच नाहीये."

"पितेय गं. बघ ना कशी पितेय."

"नाही! तिच्या तोंडात बाटलीच नाहीये. नुसती हवा खातेय."

मामींनी डोळे उघडले.

बारा वाजता चिमणीला वजनकाट्यावर चढवलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "कालपासून पाच किलो कमी," त्या म्हणाल्या. "मामी, दर तीन तासांनी पितेय म्हणता ना? मग जातंय कुठे? हे गाल बघा कसे बसलेत." त्यांनी चिमणीच्या डोळ्याखालच्या खळग्यात बोटं टेकवली. "रात्री पिते म्हणालात म्हणून मी सलाईन काढलं. आता शीरही सापडत नाहीये. आज संध्याकाळी काही पोटात गेलं नाही, तर उद्याचा दिवस नाही दिसायचा हिला."

चिमणी मात्र शांत होती, पोट भरल्यासारखी तृप्त. हेच मामींच्या काळजाला लागलं. काल रात्रभर आपण सुखाने बोलत बसलो आणि ही पोर आपल्यासमोर उपाशी मरत होती. ओतून दिलेल्या एकेका बाटलीचा त्यांना आता वास येऊ लागला.

पाचच्या आधी मामी फळ्यापाशी गेल्या. पाच नावांतलं पहिलं त्यांनी पदराने पुसलं. खडू सहज निघाला. मग त्या गोठ्यात गेल्या आणि लंबूला दाराबाहेर थांबायला सांगितलं.

उजेड कालच्यासारखाच तांबूस. चिमणी उठली, पण आज तिचे पाय लटपटत होते. डावीकडची कड हळूच उचलली गेली.

"हळू गं..."

"अहो," मामी म्हणाल्या.

आवाज थांबला. वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं मधेच कधी थांबवलं नव्हतं.

"तुमच्या बाटलीत काही नाही हो."

कुठेतरी छपराचा पत्रा तडकला.

"तुम्हाला कळलं नाहीये ना? मला वाटलंच. त्या दिवशी फाटकापाशी... बूट बांधायला वाकलात..." मामींनी बाटली दुसऱ्या हातात घेतली. "तिथेच राहिलात तुम्ही. मी होते शेवटपर्यंत. हात धरून होते."

उचललेली कड थरथरली. चिमणीने तोंड उघडं टाकून सोंड पुढे केली, जे नव्हतं ते शोधायला.

"तुम्ही जीव लावलात, खोटं कशाला बोलू? पण पोर मरतेय. तुमच्या हातून पोट भरल्यासारखं वाटतं तिला, म्हणून माझं घेत नाही. आणि माझंही चुकलं. मी तुम्हाला राहू दिलं. मला बरं वाटत होतं." त्यांनी नाक पुसलं आणि बाटली नीट धरली. "आता ऐका. आज ड्युटी तुमची नाही. लंबूची आहे. उद्या दुसऱ्याची. फळ्यावरचं नाव मी पुसलंय. चाळीस रात्री झाल्या, पुरे. दमलात तुम्ही. घरी जा."

फटीतला उजेड विझत आला. मग ती कड खाली आली. पडली नाही, कुणीतरी झोपल्या लेकरावरचं पांघरूण सारखं करावं तशी हळूच खाली ठेवली गेली.

चिमणीने असा काही हंबरडा फोडला की बाहेर लंबूने कानांवर हात ठेवले. ती डाव्या टोकाशी गेली, दाराशी गेली, परत आली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मामींनी बाटली खाली घेतली नाही. शेवटी भूक जिंकली. सोंड मामींच्या समोर कांबळ्यावर टेकली, बाटलीला हिसका बसला आणि मामींना हातातलं वजन कमी होताना जाणवलं. आठचं दूध लंबूने पाजलं. तेही ती प्यायली, कुरकुरत, पण प्यायली. "थोबाड आवडलं वाटतं शेवटी," लंबू म्हणाला आणि रडायला लागला.

मामी घरी निघाल्या. कर्मचाऱ्यांच्या खोल्यांच्या रांगेतली शेवटची खोली त्यांची. दाराला बाहेरून कुलूप होतं, काल दुपारी लावलेलं. किल्लीने ते काढलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. आतून कडी होती.

फटीतून पेंढ्याचा वास येत होता.

भीती वाटली नाही असं कसं म्हणावं? पण घरी जा, असं आपणच तर सांगितलं, आणि बायकोचं न ऐकायला तो माणूस कधी शिकलाच नव्हता. मामींनी दाराला कपाळ टेकवलं.

"अहो... मी आहे. उघडा."

आत खाट करकरली. मग कडी निघाली.

या गोष्टीला महिना होऊन गेला. चिमणी पाचही हातांनी पिते, मामांच्या जागी नवा माणूस आलाय, त्याच्याही. वजन दीडशेच्या घरात गेलंय. मामी वेळेवर कामावर येतात, गाणं गुणगुणत बाटल्या भरतात. डबा आणत नाहीत. लंबू रोज दुपारी आपल्यातला अर्धा पुढे करतो आणि त्या रोज हात जोडतात. "नको रे बाबा, पोट गच्च भरलंय. रात्री इतकं आग्रहाने वाढलं..." आणि एवढं बोलून नव्या नवरीसारख्या लाजतात.

कुणी वाढलं, हे लंबूने अजून विचारलेलं नाही. परवा डॉक्टरीणबाई दूधखोलीत आल्या, मामींच्या डोळ्यांखालचे खळगे नुसत्या बघत राहिल्या आणि तशाच बाहेर पडल्या. वजनकाटा अंगणातच आहे. मामींना त्यावर चढा म्हणायची हिंमत कुणाची होत नाही.