संघपालच्या छातीवरचे ठिपके

१९९६ सालच्या त्या सकाळी संघपालने म्हशीची धार काढली, किटली सायकलला अडकवली आणि वरकुट्याच्या डेअरीत दूध घालून तो घरी आला. बायको करुणाने दिलेला चहा पिऊन त्याने कप खाली ठेवला. शाळेत शिकवायला जाण्यासाठी सदरा चढवताना छाती धरून कोसळला, तो उठलाच नाही. वय छत्तीस. तंबाखूसुद्धा खात नसे.

शवविच्छेदनात हृदयाची रक्तवाहिनी बंद आढळली. या वयात कशाने, हे डॉक्टरांना उमगेना. व्हिसेऱ्याच्या, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या विषतपासणीच्या, अहवालाला महिने लागणार होते. त्याची आई भागुबाई मात्र थांबायला तयार नव्हती. "सुनंनंच च्यात घातलंय," ती म्हणे. मृत्यूनंतरचा जलदानविधी झाला की करुणाला भिगवणला माहेरी धाडायचे ठरले.

संघपालचा शाळूसोबती झुंबर बारामतीचे खासगी तपासनीस हिंदुराव यांचा मदतनीस होता. त्यानेच त्यांना आणले.

भागुबाईने टोपलीखालचा कप दाखवला. "धुतला न्हाय. पुरावा हाय."

"पोरगा कधी आजारी होता?" हिंदुरावांनी विचारले.

"कधीच न्हाय. धाव्वीला वरीसभर मुंबईला मामाकडं व्हता तेवढंच."

चुलीपाशी करुणा खाली मान घालून बसली होती. "दिवाळीपासनं चढाला सायकल ढकलत न्यायचे. डावा खांदा चोळून घ्यायचे. छाती मातर मला कधी बघू दिली न्हाय."

वाटेत हिंदुरावांनी झुंबरला विचारले, "त्याला शेवटची अंघोळ तूच घातलीस ना?"

"व्हय. हातपाय केसाळ, छाती गुळगुळीत. आन् तिच्यावर चार निळे ठिपके. नवसाचं गोंदण असंल."

"बौद्धाच्या घरात नवस? भागुबाईनं तुला चुलीतल्या लाकडानं हाणलं असतं, झुंबर."

पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटून ते जलदानविधीच्या दिवशी परतले. करुणाची पिशवी दारात बांधून ठेवली होती.

"भागुबाई, ते गोंदण नव्हतं," हिंदुराव हळू म्हणाले. "किरणांचा झोत रोज नेमका त्याच जागी पडावा म्हणून दवाखान्यात केलेल्या खुणा त्या. छातीवरचे केसही किरणांनीच गेले. मुंबईचं ते वर्ष कर्करोगाच्या दवाखान्यात गेलं. रोग बरा झाला, पण त्याच किरणांमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं आतून आवळत गेल्या. चढाला लागणारा दम, खांद्याचं दुखणं, सगळं त्याचंच. चहाचा यात काही दोष नाही."

भागुबाई खाली बसली.

"कॅन्सर झाल्याला पोरगी कोन दील? म्याच त्याला म्हनलं, बायकोला बी सांगू नगं."

"सांगितलं असतं, तर खांदा दुखला तवाच दवाखान्यात नेलं असतं, आत्या," करुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. झुंबरला तेच सहन होईना.

"म्हंजी तितं नेऊन म्याच मारला."

"तिथं नेलंत म्हणून तो सतराव्या वर्षी गेला नाही," हिंदुराव म्हणाले.

भागुबाई उठली. दारातली पिशवी उचलून तिने आत नेऊन ठेवली. टोपलीखालचा कप घेतला, राखेने घासला, विसळला.

"च्या टाक, करुणा."

करुणाने चहा त्याच कपात ओतला. भागुबाई भिंतीला टेकून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.