झुमके घालायचे राहून गेले

इस्पितळाच्या फरशीवर रक्ताचं भलंमोठं थारोळं होतं आणि शेजारी एक उंच तरुण, खिशात हात घालून, चक्क हसत उभा होता!

बेगाइमचं डोकंच फिरलं. सकाळपासून ती वॉर्डात एकटीच पळत होती.

"अहो, हसताय काय? कुणाला लागलंय? पेशंट कुठेय?"

"पेशंट नाही. नुसतं रक्त आहे. पुसता का?"

"नुसतं पुसून चालतं होय! आधी बाजूला व्हा. बूट बघा, त्यातच उभे आहात!"

तिने हातमोजे चढवले, थारोळ्यावर कापड पसरलं, त्यावर जंतुनाशक ओतलं आणि त्याच्याकडे बोट रोखलं. "आता हलायचं नाही. औषध मुरू द्यावं लागतं."

"किती वेळ?"

"माझं समाधान होईपर्यंत."

"मग मी आयुष्यभर उभा राहीन…" तो हळूच म्हणाला.

काहीतरी सणसणीत बोलायला तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात तिला वास आला. ती वाकली. पुन्हा हुंगलं.

"बीट?"

"स्वयंपाकघरातलं. आचारीणबाई सोडायला तयार नव्हत्या, सूप करायचं होतं त्यांना. तुमच्याआधी चौघीजणी वळसा घालून गेल्या. एक तर 'कुणीतरी पुसा रे' असं ओरडून गेली."

ओरडून जाणारी म्हणजे सायरागुल एजे, मोठ्या परिचारिका. एजे म्हणजे थोरली ताई. सगळं इस्पितळ त्यांना एजे म्हणायचं, थोडं मायेने आणि बरंचसं भीतीने.

बीटवाल्याचं नाव तालाय. सुई टोचली, रक्त उडालं, हातमोजा फाटला तर काय करायचं हे शिकवायला त्याला राजधानी बिश्केकहून हिवाळ्यापुरतं अक-बुलाकला धाडलं होतं. डोंगरातलं हे एवढंसं गाव, त्यात बर्फ. कोण टिकणार इथे, असं सगळ्यांना वाटलं होतं. तो टिकला. का टिकला, ते बेगाइमला महिन्याभरात कळलं.

शिकवायचा मात्र एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. "वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही. सरळ पिवळ्या डब्यात टाकायची. आणि टोचलीच, तर साबणाने हात धुवायचा आणि धावत माझ्याकडे यायचं. रक्तातून येणारा रोग अडवायचं औषध लगेच, तीन दिवसांच्या आत सुरू केलं तरच उपयोग."

"मी तीस वर्षं टोपणं लावतेय," सायरागुल एजे म्हणायच्या. "तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हापासून!"

मग तो बेगाइमला पुढे बोलवायचा. तिचे हात बघा म्हणायचा. सगळे हात बघायचे. तो मात्र तिचे डोळे बघत असायचा… आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

संध्याकाळी दोघं नदीकाठाने घरी जायचे. पाऊस की बर्फ ते ठरत नसायचं, दोन्ही मिळून तोंडावर यायचं.

"हात दे जरा."

"कशाला?"

"हातमोजा फाटलाय का बघतो. कामच आहे माझं."

"लोकरीचा आहे तो!"

"लोकरीचे तर फार काळजीपूर्वक तपासावे लागतात," असं म्हणून त्याने हात जो धरला, तो पूल येईपर्यंत सोडला नाही.

आणि एकदा त्याच पुलावर तो म्हणाला, "रविवारी आई येतेय. तलासहून."

"हवा बदलायला?"

"झुमके घेऊन."

बेगाइम जागच्या जागी थांबली. मुलाच्या आईने मुलीच्या कानात झुमके घातले की सोयरीक पक्की, मग मागे फिरणं नाही.

"कुणाच्या कानात घालणार?" तिने विचारलं.

"सायरागुल एजेंच्या. त्या हो म्हणाल्यात."

तिने कठड्यावरचा बर्फ उचलून त्याच्या कॉलरमध्ये कोंबला. मग नदीकडे बघत म्हणाली, "फार मोठे नकोत म्हणावं… टोपीत अडकतात."

त्या रात्री आनंदाने तिचा डोळा लागला नाही.

गुरुवारी घाटात ट्रक उलटला. चालकाला वॉर्डात आणलं, तेव्हा एकच धावपळ उडाली. बेगाइमने त्याला इंजेक्शन दिलं, कुणीतरी मागून हाक मारली, तिने मान वळवली… आणि हातांनी जुनीच सवय केली. एका हातात सुई, दुसऱ्यात टोपण. पिवळा डबा हाताशी होता, तरीही! सुई हातमोज्यातून बोटात गेली.

तिने हात धुतला. पुन्हा धुतला. मग जिन्याने खाली निघाली, त्याच्याकडेच. त्याचं दार उघडं होतं, आणि आत तो कुणाला तरी सांगत होता, "आमची बेगाइम ना? डोळे बांधले तरी चुकायची नाही ती."

ती पायरीवर थबकली. उद्या सकाळची बैठक आठवली. म्हणायला पाच मिनिटांची, चालते तासभर, आणि चुकलेल्या माणसाला उभं करून सगळ्यांसमोर सोलतात. तिथे उभं राहायचं, तेही तालायसमोर, तेही टोपणासाठी… ती आल्या पावली वर गेली. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं.

संध्याकाळी चालकाला मोठ्या शहरात हलवलं. त्याच्या रक्तात काय होतं ते इथे कुणी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर 'काल का नाही सांगितलंस' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी तर औषधाची वेळही हातची निघून चालली होती. आपल्या रक्तात काय शिरलंय कुणास ठाऊक, आणि उद्या एक बाई हौसेने आपले कान धरणार! या विचाराने तिचा जीव अर्धा झाला.

त्याच संध्याकाळी, शनिवारी, तिने त्याला पुलावर गाठलं. "आईंना येऊ नका म्हणावं."

"का? रस्ता बंद आहे?"

"मला लग्न नाही करायचं."

तो हसला. मग हसायचा थांबला. "माझ्याशी, की कुणाशीच?"

"तुझ्याशी."

"काही झालंय का, बेगाइम?"

"नाही."

"खरंच काही झालं नाही?"

"नाही म्हटलं ना! आवडत नाहीस तू मला, झालं?"

बर्फ वितळायच्या आत तो बिश्केकला परत गेला.

मावशीला भेटायला जाते असं सांगून बेगाइम शहरात जायची आणि गुपचूप रक्त तपासून यायची. शेवटचा अहवाल पानगळीच्या दिवसांत हाती आला. रक्तात काही नव्हतं. कधीच काही नव्हतं. बस थांब्यावर उभी राहून ती हमसून हमसून रडली, आणि मग ठरवलं, आज त्याला फोन करायचा, सगळं सांगायचं, पाया पडायचं.

इस्पितळात परतली, तर दुपारच्या चहाला सायरागुल एजे पोळीवर साय पसरत म्हणाल्या, "अगं, कळलं का? आपल्या बीटवाल्याचं लग्न झालं म्हणे उन्हाळ्यात."

"हो का?" बेगाइम म्हणाली. "छान झालं."

पुढच्या वर्षी इस्पितळात शिकवायचं काम तिच्याकडे आलं, आणि ते तपासायला बिश्केकहून आला तालाय. बोटात अंगठी होती.

"कशी आहेस?"

"बरी. तू?"

"मुलगी झाली मला."

"अरे वा! तुझ्यासारखी उंच?"

"अजून आडवीच आहे."

दोघं हसले. मग तो मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

बेगाइम वर्गासमोर उभी राहिली. ठरवलेलं सगळं तिने बाजूला ठेवलं.

"मला सुई टोचली होती," ती म्हणाली. "टोपण लावताना. मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. औषधाची वेळ गेली, आणि मी स्वतःच्याच रक्ताला घाबरत कितीतरी महिने काढले. त्याच दिवसांत… एका भल्या माणसाशी खोटं बोलले. त्याने दोनदा विचारलं होतं. रक्तात काहीच निघालं नाही. पण तो माणूस गेला."

मागच्या खुर्चीकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

मग पहिल्या रांगेतून सायरागुल एजे उठल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला आज सकाळी," त्या पुटपुटल्या. "टोपणच."

कुणी काही म्हणायच्या आत तालाय त्यांच्यापाशी पोचला होता. बेगाइमला वाटलं, आता तो विचारणार, टोपण का लावलंत? सकाळपासून गप्प का बसलात? एवढं शिकवून काय उपयोग झाला?

त्याने एजेंचा हात दोन्ही हातांत घेतला. "एजे, फार घाबरलात का हो?"

तीस वर्षं सगळ्यांना धाकात ठेवणारी ती बाई लहान मुलीसारखी रडायला लागली.

"अजून वेळ आहे. चला, मी आहे ना बरोबर," असं म्हणत तो त्यांना दाराकडे घेऊन गेला. दारात त्याने एकदाच वळून बेगाइमकडे पाहिलं. डोळे भरून आले होते त्याचे.

ती तिथेच उभी राहिली. त्या गुरुवारी ती मागे फिरली नसती, तर तेव्हाही त्याने एवढंच विचारलं असतं.