आमेननंतरचा हात

"मेल्या, आता तरी चालू हो!"

एवढं म्हणून मी दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवणाऱ्या त्या कॉम्प्रेसरला चपलेनंच एक ठेवून दिली. परक्या देशाची हीच एक मजा असते, मनसोक्त मराठीत शिव्या द्याव्यात, कुणाला ओ की ठो कळत नाही...

"मेला नाहीये तो. रुसलाय," पडद्यापलीकडून आवाज आला. "जरा गोड बोलून बघा."

मी गारच पडले! पडदा सरकला. गळ्यात स्टेथोस्कोप, घामानं कपाळाला चिकटलेले केस, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. ते दाबायचा त्यानं अगदी प्रामाणिक प्रयत्न केला — आणि हरला.

चर्चच्या सभागृहात मिशनचा तो दवाखाना भरायचा. मधोमध पडदा. अलीकडे दात आणि पलीकडे उरलेला माणूस, असं तो म्हणायचा. मी दातांची डॉक्टर, तो ताप-खोकलावाला. दोघंही काही महिन्यांसाठी बिनपगारी आलेलो. नंतर तो घरी परतून सर्जन व्हायला शिकणार होता आणि मी बाबांच्या दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीशी उभी राहणार होते. सगळं ठरलेलं होतं.

रोज सकाळी दार उघडण्याआधी आम्ही सगळे गोलात उभे राहून, एकमेकांचे हात धरून प्रार्थना करायचो. दवाखाना उभा करणाऱ्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई प्रार्थना सांगायच्या. त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. आणि कसं कोण जाणे, तो रोज नेमका माझ्याच शेजारी! आमेन झालं की हात सुटायचे. एके दिवशी त्याचा सुटला नाही.

"आमेन झालं," मी कुजबुजले.

"माझं अजून मागून व्हायचंय."

"एवढं काय मागताय?"

"सांगितलं तर मिळत नाही म्हणतात..."

माझे कान तापले. नशीब, लगेच मास्क चढवायचा होता.

पण त्याच दुपारी मी त्याच्यावर अशी कडाडले, की छतावरची पाखरंसुद्धा उडाली असतील. त्याचं असं झालं — माझ्या कामाची एक पद्धत होती. बाकावर चौघांना ओळीनं बसवायचं आणि ओळीनं भुलीची इंजेक्शनं द्यायची. चौथ्याचं होईपर्यंत पहिल्याची हिरडी बधिर, की तो खुर्चीत. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. तोंड उघडलं की मला दातच दिसतात, त्यामुळे सगळी भिस्त त्या ओळीवर. त्या दिवशी इंजेक्शनं देऊन मी कुकरमध्ये उकळलेली हत्यारं आणायला गेले. परत येऊन पहिल्या माणसाला खुर्चीत घेतलं. चिमटा लावण्याआधी हिरडी टोचून बघायची माझी सवय. टोचली मात्र... तो पैलवानासारखा गडी किंचाळत उभाच राहिला!

झालं होतं ते एवढंच. पडद्यापलीकडच्या दयाळू महाशयांनी चक्कर आलेल्या एका आजींना "टेका जरा" म्हणून माझ्या बाकावर बसवलं होतं. आजींना जागा द्यायला सगळे अदबीनं उठले आणि मग हवे तिथे बसले. त्या गडबडीत मागे ताटकळणारा, इंजेक्शन न मिळालेला हा पैलवान पहिल्या जागी येऊन टेकला. भूल मिळालेला खरा पहिला बाकाच्या शेवटच्या टोकाला, लोंबत्या ओठानं मजेत बसला होता.

"हा बाक आहे की बसस्टॉप?" मी पडदा खसकन ओढला. "तुमच्या दयेपायी मी आज बिनभुलीचा दात उपटला असता!"

सगळं सभागृह आमच्याकडे बघत होतं. मला वाटलं, आता हा काहीतरी विनोद करून वेळ मारून नेणार.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. मग दुभाष्याला घेऊन त्या पैलवानासमोर गेला, त्याची माफी मागितली आणि वर म्हणाला, "या बाईंच्या हाती मी माझी अख्खी बत्तिशी देईन. डोळे मिटून."

पैलवान कुरकुरत खुर्चीत बसला. मी नीट भूल दिली, दात काढला. तो मात्र तोंड उघडं ठेवून अजून वाटच बघत होता! मग माझ्या हातातला दात बघून तो जो हसला... माझ्या हातांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. आणि खरं सांगू? पलीकडच्या त्या माणसाचाही.

दुसऱ्या दिवसापासून भूल दिलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर चिकटपट्टी लागायला लागली. ती लावायला तो स्वतः यायचा, दर वेळी काहीतरी बोलून जायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आमचं आम्हालाच कळलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या सिस्टरांनी मला बोलावलं. "दातांचा विभाग कायमचा सुरू करायचाय. दोन वर्षं राहशील? सगळं तुझ्या हाती."

आनंदानं उडीच मारणार होते... आणि तो आठवला. तो तर जाणार होता. मला भीती होती ती माझीच. तो नुसतं 'चल' म्हणाला असता, तरी मी मुकाट्यानं बॅग भरली असती. आणि जन्मभर मनातल्या मनात कुढत बसले असते.

हत्यारं धुताना मी त्याला सांगून टाकलं. तो एकच चिमटा कितीतरी वेळ पुसत राहिला.

"नीट विचार कर," एवढंच म्हणाला आणि गेला.

एवढंच? मी रात्रभर चडफडले. सकाळी सिस्टरांना हो म्हणून आले.

तो निघाला त्या दिवशी अंगणात गाडी उभी होती, निरोप द्यायला अख्खा दवाखाना लोटला होता. मला राहवेना.

"तू मला चल का नाही म्हणालास?"

"आठवडाभर जीभ दाताखाली धरून बसलोय," तो म्हणाला. "दातांची डॉक्टर ना तू? दिसलं नाही? म्हणालो असतो, तर आली असतीस?"

"आले असते..."

"म्हणूनच. मला चारचौघांत छाती फुगवून सांगायचंय, माझी बायको तिकडे एकटीच्या बळावर दवाखाना चालवते."

"कुणाची बायको?"

तो थांबला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "अगं... विचारायचं राहिलंच की!"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यानं बॅग खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं. मी हो म्हटलं. 

"माझ्यासाठी थांबशील?"

"छे! थांबायला वेळ कुणाला आहे? मी कामात असेन. तू शिकून ये."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी पदरापेक्षा बरा म्हणून अ‍ॅप्रनच डोळ्यांना लावला. सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं.

"काय म्हणाला?"

"माझ्याशी लग्न करायचंय म्हणाला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"आधी सर्जन होऊन ये म्हटलं. आमच्या दवाखान्यात जागा आहे."